कंट्रोलरवरचा फेडर (आवाज कमीजास्त करायची सरकती दांडी) हलवला की रीपर या रेकॉर्डिंग-मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमधला पण हलला पाहिजे!

मे महिन्यात नागपुरात कूलर बंद ठेवून मिक्सिंग करावं लागतं, त्यात माऊसने एकेक ट्रॅक कोण ओढत बसणार, म्हणून सांगून राह्यलो. कंट्रोलर यूएसबीने जोडा, मॅकी कंट्रोल मोडमध्ये (कंट्रोलर अन् सॉफ्टवेअरची एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत) टाका, मगच रीपर उघडा. प्रेफरन्सेसमध्ये कंट्रोल/ओएससी/वेबमध्ये जाऊन अ‍ॅड दाबा, मॅकी कंट्रोल युनिव्हर्सल घ्या आणि इनपुट, आउटपुट दोन्ही त्याच मशीनचे निवडा. आउटपुट राहिलं तर फेडरने आवाज कमीजास्त होतो पण मोटरवाला फेडर स्वतःहून हलत नाही, मी यात अख्खी दुपार घातली, बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) जाऊन नवीन केबल घेऊन आलो, अन् चूक माझीच निघाली भाऊ.

आणि हो, तोच पोर्ट प्रेफरन्सेसमधल्या मिडी इनपुटमध्ये (वाद्यांचे डिजिटल संदेश आत येतात तिथे) बंद ठेवा. मॅकीत फेडर पिच बेंड (सूर वरखाली करायचा मिडी संदेश) म्हणून जातो ना, मग रेकॉर्ड आर्म केलेल्या (रेकॉर्डिंगला तयार ठेवलेल्या) ट्रॅकवर मिडीने वाजणारी हार्मोनियम असेल तर सूर घसरतो. पण पिच बेंडला 16,384 पायऱ्या, साध्या सीसीला (नॉब-बटणांच्या नेहमीच्या मिडी संदेशाला) फक्त 128, म्हणून फेडआउट मॅकीतच गुळगुळीत येतो.

मोटर नसलेल्या नॉबला लर्न करताना (म्हणजे रीपरमधल्या एखाद्या सेटिंगला जोडताना) सॉफ्ट टेकओव्हर (नॉब सेटिंगच्या जागी पोचल्यावरच ती हलते) टिक करा, नाहीतर हात लागताच रिव्हर्ब एकदम उडी मारतो.