बंद पडलेला किशोरवयीन साथी-गट पुन्हा उभा करताना

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे शाळा बंद झाल्या आणि त्याच आठवड्यात महाराष्ट्रातल्या गावोगावच्या किशोरवयीन मुलामुलींच्या बैठकाही थांबल्या. शाळा थांबल्याची चर्चा घराघरांत झाली, बैठकांची मात्र फारशी कोणी केली नाही. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम ७ जानेवारी २०१४ रोजी सुरू झाला. त्यात १० ते १९ वयोगटातल्या मुलामुलींशी त्यांच्याच वयाच्या साथींनी आहार, पाळी, लैंगिक आरोग्य, मनाचे आरोग्य, व्यसन आणि हिंसा या विषयांवर बोलावे अशी योजना आहे. एका आशाताईच्या कार्यक्षेत्रात, म्हणजे साधारण हजार लोकवस्तीत, दोन मुलगे आणि दोन मुली असे चार समवयस्क शिक्षक, म्हणजेच साथी, असतात. त्यांच्याजवळची माहिती टाळेबंदीतही पुसली गेली नव्हती, कारण पुस्तिका आणि चित्रतक्ते घरीच होते. तुटले ते दुसरेच. मोठ्यांच्या नजरेआड, विश्वासाच्या माणसाजवळ बसून प्रश्न विचारण्याची जागा गेली. म्हणून गट पुन्हा उभा करायचा असेल तर प्रशिक्षणाची तारीख ठरवण्याआधी ही जागा परत कशी मिळवायची याचा विचार करावा. अनेक गावांत हे काम आजही अर्धवट आहे, आणि पुढे मांडलेली पद्धत तिथे काम करणाऱ्या गटप्रवर्तक (आशाताईंच्या कामावर देखरेख करणाऱ्या), समुपदेशक आणि संस्थांच्या कार्यकर्त्यांसाठी आहे.

जुन्या वहीपासून सुरुवात करा

बैठकीची जुनी वही शोधून काढा. बहुतेक गावांत ती आशाताईच्या कपाटात लसीकरणाच्या कागदांखाली सापडते. मी पाहिलेल्या एका वहीत शेवटच्या नोंदीखाली निळ्या शाईने ‘पुढची बैठक शनिवारी, अंगणवाडीत’ असे लिहिलेले होते आणि त्यापुढची सगळी पाने कोरी होती. त्या शेवटच्या हजेरीतले प्रत्येक नाव घ्या आणि ते मूल आज कुठे आहे हे समोर लिहा. गावात आहे, शिक्षणासाठी बाहेर आहे, कामाला लागले, की लग्न झाले? हे काम एका दुपारी होत नाही. आशाताई, अंगणवाडी सेविका आणि जुन्या गटातले दोन-तीन जण एकत्र बसले तरच खरी माहिती निघते.

ही यादी कशासाठी करायची, हे सोबतच्यांना आधीच सांगावे. २०२० मध्ये सतरा वर्षांचा असलेला साथी २०२३ पर्यंत एकोणीस ओलांडून गेला, म्हणजे अनुभवी साथींची एक अख्खी फळी नव्यांच्या हाती काही न सोपवता वयाने बाहेर पडली. शाळा सुटलेल्या मुलांचे काय झाले, हेही या यादीतूनच कळते. एप्रिल २०२० मध्ये ऊसतोड कामगारांची कुटुंबे साखर कारखान्यांच्या परिसरात अडकून पडली होती. त्यातली काही मुले पुढच्या हंगामात स्वतःच कोयता हाती घेऊन निघाली. ज्या मुलींची लग्ने त्या काळात उरकली गेली, त्यांची नावे यादीतून खोडू नका. कार्यक्रम विवाहित किशोरींसाठीही आहे, आणि पहिले बाळंतपण लवकर येऊ नये म्हणून साथीची सर्वांत जास्त गरज त्यांनाच असते.

आशाताईंना आधी ऐका

गट का थांबला असे विचारत आशाताईकडे जाऊ नये. महामारीच्या दोन वर्षांत ती घरोघरी सर्वेक्षण करत होती, बाहेरगावाहून आलेल्यांची नोंद ठेवत होती, विलगीकरणातल्या घरांवर लक्ष ठेवत होती. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली तेव्हा ताप आणि प्राणवायूची पातळी मोजत प्रत्येक उंबऱ्यावर तीच उभी होती. काही ठिकाणी लोकांनी तिला दारात उभे केले नाही, काही ठिकाणी घरच्यांनी ‘आजार घरात आणशील’ म्हणून बोल लावले. तिला पगार नसतो, मानधन आणि कामागे मोबदला असतो, आणि जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशांना संपावर जावे लागले होते. हे सारे ठाऊक असलेल्या माणसाने पहिल्या भेटीत रजिस्टर मागणे योग्य नाही.

पहिली भेट निव्वळ ऐकण्यासाठी ठेवा. त्या काळात कोणत्या मुलीसाठी तिचा जीव तुटला, कोणते काम तिला एकटीने करावे लागले, आता आठवड्यातले किती तास ती खरोखर देऊ शकते, एवढेच विचारा. तिने ‘महिन्याला एक बैठक’ म्हटले तर एकच धरा. मला वाटते, गट पुन्हा मोडण्याचे सर्वांत मोठे कारण कागदावरचा उत्साह हेच असते. जे काम तिच्याकडून काढून घेता येईल ते काढून घ्या: हजेरी साथींनी लिहावी, जागा आणि सतरंजीची सोय गटाने करावी, आणि किशोर आरोग्य दिवसाला (किशोरवयीनांच्या आरोग्यासाठी गावात होणाऱ्या कार्यक्रमाला) मुले जमवण्याचा मोबदला तिला वेळेवर मिळतो की नाही याचा पाठपुरावा गटप्रवर्तकाने करावा.

जुन्या साथींचे ओझे उतरवा

महामारीत या मुलामुलींनी पुष्कळ केले. मास्क शिवले, म्हाताऱ्यांची औषधे आणून दिली, लसीबद्दलच्या अफवा खोडून काढल्या. पण त्यांच्यातल्या अनेकांवर दुसरे ओझेही पडले आणि त्याची नोंद कुठेच झाली नाही. मैत्रीण फोनवर कुजबुजत सांगते की घरात मारहाण होते किंवा लग्न ठरवले आहे, आणि ऐकणारी सोळा वर्षांची साथी स्वतः घरात कोंडलेली असते. तिला उपकेंद्रात जाता येत नाही आणि समुपदेशक ताईंना कोविड केंद्रावर काम दिलेले असते. पुढे त्या मैत्रिणीचे लग्न होऊन जाते. ‘मी काहीच केले नाही’ हे वाक्य अशा मुली अजून मनात धरून आहेत.

अशा साथींना गटासमोर अनुभव सांगायला लावू नका. ओळखीच्या समुपदेशकासोबत एकेकटे बसवा आणि स्पष्ट सांगा की साथीचे काम ऐकणे आणि योग्य माणसापर्यंत पोहोचवणे एवढेच आहे, सोडवणे नाही, आणि त्या वेळी पोहोचवण्याची वाटच बंद होती. ज्यांच्या घरात माणूस गेला त्यांना परत येण्याची घाई करू नये. वय उलटून गेलेल्यांना मात्र बोलवा, त्यांचे आभार गावासमोर माना आणि नव्या साथींसोबत पहिल्या तीन-चार बैठका बसण्याची विनंती करा.

नवी निवड

निवड करताना घरात स्मार्टफोन आहे की नाही ही अट लावू नये. टाळेबंदीत ही सवय लागली आणि गरीब घरातली, शाळा सुटलेली मुले आपोआप बाजूला पडली. निदान एक मुलगा आणि एक मुलगी शाळेबाहेरची असावीत. चौघांचे वय एकच नसावे. दोघे पंधराचे आणि दोघे सतराचे असले तर एक फळी बाहेर पडताना दुसरी तयार असते. पालकांची परवानगी घरी जाऊन घ्या. मुलींच्या बाबतीत आजीशी बोलणे बापाशी बोलण्याइतकेच महत्त्वाचे असते.

पहिल्या तीन बैठका

जागा मुलींना विचारून ठरवा. अंगणवाडीच्या खिडक्या रस्त्याकडे असतील तर पाळीबद्दल कोणी बोलणार नाही. मुलगे आणि मुली सुरुवातीला वेगळे बसवा. पहिल्या बैठकीत व्याख्यान नको. झाकणाला चीर पाडलेला एखादा जुना डबा मध्ये ठेवा, प्रत्येकाच्या हाती एकसारख्या कागदाचा तुकडा द्या आणि सर्वांनी काहीतरी लिहून टाकावे असे सांगा. ज्यांना प्रश्न नाही त्यांनी फुली मारून चिठ्ठी टाकावी, म्हणजे कोणी लिहिले हे कळत नाही. जे लिहू शकत नाहीत त्यांच्यासाठी साथी बाजूला बसून लिहितो. दुसरी बैठक या चिठ्ठ्यांवरच चालते.

तिसऱ्या बैठकीत खंडित झालेल्या सेवांकडे वळा. सॅनिटरी पॅड मार्च २०२० अखेरीस अत्यावश्यक वस्तूंमध्ये धरले गेले, तरी शाळेतून मिळणारे पॅड शाळेबरोबरच बंद झाले आणि पुष्कळ मुली पुन्हा कापडावर आल्या. कापड वापरण्यात लाज नाही. ते साबणाने धुऊन उन्हात वाळवता येत नाही ही अडचण आहे, त्यावर बोला. आठवड्याला मिळणाऱ्या लोहाच्या निळ्या गोळीचेही तसेच झाले. शाळेतला ठरलेला वार गेला आणि सवय मोडली. गोळी जेवणानंतर घ्यायची, उपाशीपोटी मळमळते, शौचाला काळे होणे स्वाभाविक आहे, या तीन गोष्टी साथीने तोंडपाठ सांगितल्या तर निम्मी भीती जाते.

फोनचे नियम

फोन उपयोगाचा आहे, पण गावातल्या मुलीच्या हातात तो स्वतःचा नसतो. घरातला एक फोन फळीवर चार्जिंगला लावलेला असतो आणि संदेश आला की पडद्यावरच्या दोन ओळी सगळ्यात आधी भाऊ वाचतो. त्यामुळे व्हॉट्सअॅप गटावर फक्त बैठकीची वेळ आणि सर्वांसाठीची माहिती टाकावी. खाजगी बोलायचे असेल तर मुलीने मिस्ड कॉल द्यावा आणि आधी ठरलेल्या वेळी साथीने फोन करावा. फोन दुसऱ्याने उचलला तर ‘विज्ञानाची वही हवी होती’ असे एखादे साधे वाक्य ठरवून ठेवावे. नाव, पाळी, गर्भ, मारहाण यांपैकी काहीही लिहून पाठवू नये.

गंभीर बाब समोर आल्यास

‘कोणालाच सांगणार नाही’ असे वचन साथीने कधीही देऊ नये. ‘जीवाला धोका असेल तर विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगावे लागेल’ हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे. अठरा वर्षांखालील मुलामुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि हे काम मोठ्या कार्यकर्त्याने अंगावर घ्यावे, साथीवर ढकलू नये. बालविवाह ठरत असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या मदतक्रमांकावर फोन करता येतो. गावात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) हाच बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतो. मनाच्या त्रासासाठी ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस या सरकारी फोन-समुपदेशन सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येते. ग्रामीण रुग्णालयातल्या मैत्री क्लिनिकचा (किशोरवयीनांसाठीच्या सल्ला आणि उपचार केंद्राचा) वार आणि वेळ प्रत्यक्ष जाऊन पडताळून घ्या, कारण जुना फलक अनेकदा तसाच लटकत राहतो.

पुढच्या बंदीसाठी एक कागद

पूर असो, साथ असो, गाव पुन्हा बंद होऊ शकते. गटाने एका कागदावर हाताने लिहून ठेवावे: कोणत्या गल्लीच्या मुलींना पॅड आणि गोळ्या कोण पोहोचवील, दोन महिन्यांचा साठा कोणाच्या घरी राहील, आशाताई अडकली तर दुसरे कोण, समुपदेशकांचा फोन लागला नाही तर तिसरा क्रमांक कोणता. त्याच्या चार प्रती काढून चौघा साथींनी घरी ठेवाव्यात, आणि दर सहा महिन्यांनी त्यातला प्रत्येक क्रमांक लावून पाहावा.