कोकणातल्या साध्या राहणीत या चुका टाळा

साधेपणाने जगावे या ओढीने कोकण किनाऱ्यावर येणारे अनेक जण मातीची चूल, तांब्याचा हंडा आणि सारवलेली जमीन यांची हौसेने तयारी करतात. पण इथली साधी राहणी वस्तूंवर नव्हे, तर कोणते काम कोणत्या दिवसांत करायचे यावर उभी आहे. गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत वर्षभर राहिल्यावर मला हे पटले.

सर्वांत महाग पडते ती पाण्याची चूक. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो म्हणून पाणी मुबलक, असे नवखा माणूस धरून चालतो. मात्र जांभा दगड सच्छिद्र आणि जमीन उताराची असल्यामुळे ते पाणी झरझर समुद्राला मिळते, आणि मे महिन्यात त्याच वाडीत विहिरीचा तळ दिसू लागतो. अशा वेळी पंप लावून टाकी भरत राहिल्यास किनाऱ्यालगतच्या विहिरीत खारे पाणी शिरते. पाणी मचूळ लागले, तर विहीर आणखी खोल खणू नये, त्याने खारेपणा वाढण्याचीच भीती असते. उपसा थांबवून झऱ्यांना भरायला अवधी द्यावा. न्हाणीचे पाणी पाटाने माड-केळींकडे वळवावे. पऱ्ह्यावर, म्हणजे लहान ओढ्यावर, गोण्यांचा बंधारा घालायचा, तर तो दिवाळीच्या सुमारास, पाणी वाहते असतानाच घालावा. फेब्रुवारीत जाग येऊन उपयोग नसतो.

दुसरी चूक आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीची. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणून सुकट, सोडे, आमसुले, कुळीथ हे सारे मृगाआधी घरात लागते. उन्हातले जिन्नस गरम असतानाच बरणीत भरले की आत बाष्प धरते आणि बुरशी येते. ते सावलीत पूर्ण निवू द्यावेत. नुसता दमटपणा आला असेल, तर श्रावणातल्या उघडिपीत पुन्हा ऊन दाखवावे. बुरशी दिसल्यास मात्र मोह न ठेवता टाकून द्यावे.

अंगणातला पातेरा, म्हणजे वाळका पालापाचोळा, जाळण्याची घाईही नको. वाऱ्याने ठिणगी उडाली की शेजारची काजूची बाग जाते. तोच पातेरा कलमांच्या आळ्यात, खोडापासून हातभर दूर पसरला, तर ओल टिकते. त्याआधी शेजाऱ्यांना विचारावे. भाजवळीसाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा पेरणीआधी भाजण्यासाठी, त्यांना तो हवा असतो.