दुखण्याची गोळी चालू असताना दारू कशी कमी करावी : माजी सैनिकांच्या घरच्यांसाठी

माझे बाबा फौजेतून निवृत्त झालेले, आम्ही ऐरोलीत राहतो. मणक्याच्या दुखण्यावर रोज ट्रामाडॉल आणि संध्याकाळी लष्करी कॅन्टीनची रम. ‘दोनच पेग घेतो,’ म्हणायचे आणि ते खरंच होतं. एकदा खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने मोजलं, तर त्यांचा एक पेग ९० मिलीचा निघाला.

म्हणून आधी मोजा. आठवडाभर कॅलेंडरच्या चौकोनात रोजचे मिली लिहा. त्यांनाच लिहू द्या. नोंद ठेवायची फौजी माणसाला सवय असते, घरच्यांची बोलणी मात्र जिव्हारी लागतात.

मग सगळ्या स्ट्रिप एका पिशवीत भरा. ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, मॉर्फिन या ओपिऑइड, म्हणजे अफूसारखा असर करणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांनी श्वास मंदावतो, दारूनेही मंदावतो. झोपेची गोळी किंवा नसांच्या दुखण्यावरची प्रेगाबालिन असेल तर धोका आणखी वाढतो. गोळी सकाळी आणि पेग रात्री घेतला म्हणून सुटका नाही. काही गोळ्यांचा असर १२ ते २४ तास राहतो.

पिशवी आणि आकडे ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) डॉक्टरांपुढे ठेवा. गोळी बंद करतील या भीतीने बाबा दोन वर्षं दारूचं लपवत होते. दारू किंवा गोळी, काहीच आपल्या मनाने एकदम सोडू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवलं तर हातपाय कापतात, फिट येते, भ्रमही होतो. दारू सुटण्यासाठी दिली जाणारी नालट्रेक्सोन गोळी ओपिऑइडवाल्याला चालत नाही, हे कुणी परस्पर आणून दिली तर लक्षात असू द्या.

संध्याकाळचे सात सांभाळा. आमच्याकडे दुखणं तेव्हाच चढायचं. फिजिओथेरपीचे व्यायाम आणि शेक त्या वेळेला नेले, कॅन्टीनचा पूर्ण कोटा उचलणं थांबवलं. मन मोकळं करायचं असेल तर १४४१६ वर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन फुकट आहे. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही दाखवता येतं.

हे मात्र घरातल्या सगळ्यांना पाठ असू द्या : हाका मारूनही जाग येत नाही, घोरणं घरघरल्यासारखं, ओठ निळसर, श्वास संथ. ‘झोपू दे, उतरेल’ म्हणू नका. १०८ लावा, कुशीवर वळवा, श्वास थांबला तर फोनवरच्या सूचना पाळा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत शेजारून हलू नका.