पिस्टन-व्हॉल्व्हमधलं अंतर मातीने मोजा

एका इंजिनाचा ब्लॉक (पिस्टन असतात तो खालचा भाग), दुसऱ्याचं हेड (व्हॉल्व्ह असतात तो वरचा भाग) असं हायब्रिड बांधताना पिस्टन व्हॉल्व्हवर आपटणार नाही ना, यासाठी मी कागदावरच्या आकड्यांवर विसंबत नाही. म्हापशाच्या माझ्या गॅरेजात मातीने तपासल्याशिवाय असं इंजिन जोडून पुरं होत नाही.

माती म्हणजे मुलांची खेळायची, तेलकट. चवथीला गणपती करतात ती चिकणमाती नको. तिच्यातली रेव सिलिंडरला ओरखडे पाडते.

पिस्टनवरच्या व्हॉल्व्हच्या खाचांत पाच-सहा मिलिमीटर थर द्या. व्हॉल्व्हला तेलाचं बोट फिरवा, म्हणजे माती चिकटणार नाही. शेवटी बसवणार त्याच जाडीचं, दबलेलं जुनं हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेडमधली पट्टी) घाला, हेडचे बोल्ट ठरलेल्या टॉर्कला (जोराला) आवळा, टायमिंग (क्रँक-कॅमचा मेळ) बसवा. मग क्रँक हाताने, सरळ दिशेने, दोन पूर्ण फेरे फिरवा. अडकलं की थांबा. जोर केलात तर व्हॉल्व्ह वाकलाच.

होंडाचं व्हीटेक हेड (वेगाप्रमाणे कॅमचा लहान किंवा मोठा लोब, म्हणजे उंचवटा, वापरणारं) असेल तर रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) एकत्र अडकवून मोठ्या लोबवर चालवा. नाहीतर व्हॉल्व्ह लहान लोबवरच उघडतो आणि माती खोटं सांगते. इथेच बरेचजण फसतात.

हेड काढा, माती ब्लेडने कापा, सर्वांत पातळ जागी व्हर्नियरने मोजा. इनटेक (हवा आत घेणाऱ्या) व्हॉल्व्हला २, एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणाऱ्या) व्हॉल्व्हला २.५ मिलिमीटरच्या खाली मी जात नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापून लांबतो. व्हॉल्व्हची कडा खाचेच्या भिंतीला घासते का, तेही बघा. कॅम टायमिंग हलवलं की पुन्हा मोजा.

आणि पावसाळ्यात सिलिंडरला तेल लावल्याशिवाय घरी जाऊ नका. आपल्याकडच्या दमट हवेत एका रात्रीत गंज धरतो.