नदीकाठचा वॉकिंग ट्रॅक आणि पूरपातळी : या चुका टाळा

‘चार मीटरच्या वॉकिंग ट्रॅकनं कसला पूर वाढतोय?’ हे मी दर पावसाळ्याआधी ऐकतो. ट्रॅकनं नाहीच वाढत. त्याच्या खालच्या भरावानं, नदीकडच्या भिंतीनं आणि रेलिंगनं वाढतो.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे ट्रॅकच्या ‘आधी’चं मॉडेल (पाणी किती चढेल याचं संगणकावरचं गणित) एका सर्व्हेवर आणि ‘नंतर’चं दुसऱ्याच. काही वर्षांपूर्वी एक रिपोर्ट तपासायला आला. निष्कर्ष काय, तर ट्रॅक झाल्यावर पुराची पातळी 22 सेंटीमीटरनं उतरते! म्हणजे नदीत भराव टाका, पूर पळून जाईल. करणाऱ्या पोरानं हेक-रास या पुराच्या सॉफ्टवेअरमधून रंगीत नकाशे सुरेख काढले होते. हा आकडा मात्र त्याला खटकला नव्हता. दोन दिवस नदीचे आडवे छेद, म्हणजे काठापासून काठापर्यंत पात्राची खोली दाखवणाऱ्या रेषा, एकावर एक ठेवत बसलो तेव्हा कळलं, मधल्या काळात वाळू उपसून पात्र खोल गेलं होतं. काम वाळूउपशाचं, श्रेय ट्रॅकला. नवेच छेद दोन्हीकडे घेऊन, फक्त ट्रॅक घालून-काढून चालवलं, तर वळणाच्या वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला, 9 सेंटीमीटर चढ निघाला. आणि नेमकी तिथंच वस्ती.

तेव्हापासून मी आधी ट्रॅक संपल्यावर पाणी पुढे जातं त्या खालच्या अंगाचे छेद बघतो. संथ प्रवाहात अडथळ्याचा फुगवटा वरच्या बाजूला जातो. स्थिर प्रवाहाच्या मॉडेलमध्ये खाली फरक शून्यच यायला हवा. तिथं दोन सेंटीमीटर जरी दिसले तरी फाइल परत. नकाशे नंतर.

फुकटच्या उपग्रह डेटावर छेद काढू नका. एसआरटीएम या अवकाशातून मोजलेल्या उंचीच्या फुकट डेटामधली चूक काही मीटरची असते, आणि आपण शोधतोय सेंटीमीटर. वखारीतल्या काट्यावर सोनं तोलायचा प्रकार. सर्व्हेअरला नदीत उतरवा.

क्युमेक (सेकंदाला एक घनमीटर पाणी) आणि क्युसेक (सेकंदाला एक घनफूट) यांची गल्लत करू नका; एक क्युमेक म्हणजे 35.3 क्युसेक. हसू नका, ही चूक अजून होते.

मॉडेलमध्ये फक्त लाल पूररेषेचा, म्हणजे सरासरी 100 वर्षांतून एकदा येणारा पूर चालवून थांबू नका. निळ्या रेषेचा, 25 वर्षांचा आणि त्याहून लहानही चालवा. मोठ्या पुरात ट्रॅक बुडून जातो. पाणी भरावाच्या माथ्याला टेकतं तेव्हा अडवणूक जास्त जाणवते. पुण्यात 25 जुलै 2024 ला मुठेकाठच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा खडकवासला धरणातून साधारण 35,000 क्युसेक सुटत होतं. लोकांच्या घरात पाणी जायला पानशेत धरण फुटावं लागत नाही.

आता रेलिंग. ‘सर, 80 टक्के मोकळं आहे, पाणी आरपार जाईल.’ ड्रॉइंगमध्ये जातं. पहिल्या पुरानंतर जाऊन बघा : जलपर्णी, प्लास्टिक, थर्माकोल, कुणाची तरी साडी, निर्माल्याच्या पिशव्या. जाळी कसली, भिंतच ती. मी रेलिंग पूर्ण उंचीची भरीव भिंत म्हणूनच मॉडेलमध्ये घालतो. मग क्लायंट कुरकुरतो, आकडा वाढला म्हणून. त्याला सांगतो, पाणी आलं की आडवं पडणारं रेलिंग लावा, लगेच कमी करतो. आजवर एकानंच लावलं.