रात्री तीनची घंटा कोण ऐकणार? असिस्टेड लिव्हिंगचे फायदे-तोटे तोलताना

असिस्टेड लिव्हिंग म्हणजे स्वतःची खोली किंवा छोटं घर, तयार जेवण, साफसफाई, धुणं आणि अंघोळ, कपडे, औषधं यांसारख्या रोजच्या कामांत लागेल तेवढी मदत. हे हॉस्पिटल नव्हे आणि सतत शुश्रूषा लागणाऱ्यांचं नर्सिंग होमही नव्हे. चोवीस तास कुणीतरी हजर असतं, पण ते कुणीतरी म्हणजे नर्स असेलच असं नाही. पुढचे बरेच अपेक्षाभंग एवढ्या एका गैरसमजातून होतात.

फायद्या-तोट्यांच्या तयार याद्या पुष्कळ मिळतात, पण त्यांचा उपयोग थोडाच. सगळ्यांबरोबर बसून जेवणं हे एकट्या पडलेल्या, जेवणाचा कंटाळा करणाऱ्या माणसासाठी औषध असतं. ज्याला कमी ऐकू येतं त्याला तोच गलबला दिवसातून तीन वेळा सोसावा लागतो. म्हणून आधी माणूस नीट पाहायचा, जागा नंतर.

गरज कागदावर मांडा

यासाठी दोन जुन्या आणि आजही वापरात असलेल्या पट्ट्या, म्हणजे गरज मोजायच्या कामांच्या याद्या, आहेत. 1963 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन डॉक्टर कॅट्झ यांच्या पट्टीत सहा मूलभूत कामं आहेत: अंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, पलंगावरून किंवा खुर्चीतून उठणं-बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणं. लॉटन आणि ब्रोडी या संशोधकांच्या 1969 च्या पट्टीत घर चालवण्याची आठ कामं येतात: फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, धुणं, प्रवास, औषधं आणि पैशांचे व्यवहार. या चौदा ओळी कागदावर लिहा आणि समोर तीन रकाने आखा: ‘स्वतः जमतं’, ‘कुणी आठवण केली किंवा जवळ उभं राहिलं तर जमतं’, ‘हात लावावाच लागतो’. सात दिवस नोंद ठेवा, दिवसाची वेगळी आणि रात्रीची वेगळी.

विचारून भरू नका, बघून भरा. विचारलं की ‘सगळं जमतं मला’ हेच उत्तर येतं, आणि ते खोटं बोलणं नसतं, स्वाभिमान असतो.

‘अंघोळीला मदत लागते’ एवढं लिहिणंही पुरेसं नाही. अंघोळ म्हणजे बाथरूमपर्यंत चालणं, गरम-गार पाणी बेतणं, ओल्या फरशीवर तोल सांभाळणं, पाठ आणि पावलं धुणं, वाकून पाय पुसणं. यातलं नेमकं काय अडतं? फक्त पावलांपर्यंत हात पोचत नसेल तर एक खुर्ची आणि लांब दांड्याचा ब्रश यांवर काम भागतं. पाणी सोडल्यावर पुढे काय करायचं हेच सुचत नसेल, तर सोबत माणूस लागतो.

तोल तपासायला 1991 पासून वापरात असलेली एक सोपी चाचणी आहे. हात असलेल्या खुर्चीतून उठायचं, 3 मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. नेहमीची काठी किंवा वॉकर वापरायचा, पायात नेहमीच्या चपला-बूट हवेत, आणि शेजारी कुणीतरी उभं हवंच. 12 सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं समजून डॉक्टरांशी बोला.

आता कागद वाचा. फक्त दुसऱ्या पट्टीतली कामं अडत असतील तर घरीच मदतनीस ठेवून बहुधा निभतं. पहिल्या पट्टीतली एक-दोन-तीन कामं अडतात आणि कोणत्या वेळी अडतील ते सांगता येत नाही, अशा माणसाला असिस्टेड लिव्हिंगचा खरा उपयोग होतो. एका माणसाच्या आधारानेही पलंगावरून उठता येत नसेल, नळीने अन्न चालू असेल किंवा शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) झाले असतील, तर शुश्रूषेची सोय असलेली जागाच शोधा. तिथे असिस्टेड लिव्हिंग म्हणजे दोन-तीन महिन्यांत पुन्हा बाडबिस्तरा हलवणं. डिमेन्शियात (स्मृतिभ्रंशात) बाहेर निघून जाण्याची सवय लागली असेल, तर त्यासाठीचा वेगळा, सुरक्षित दारांचा विभाग आहे का ते आधी विचारा.

घरी ठेवण्याचा हिशेब

खर्चाची तुलना करताना घरच्या बाजूला फक्त मदतनिसाचा पगार मांडला जातो. आठवड्यात 168 तास असतात. एक माणूस आठवड्याला 48 तास काम करतो असं धरलं, तरी चोवीस तासांच्या सोबतीला साडेतीन माणसं लागतात, आणि त्यांच्या रजा-आजारपणासाठी आणखी एक हाताशी. त्यात घराची दुरुस्ती, बाथरूममधले बदल, वीज-पाणी आणि किराणा धरा. घरातलं कुणी नोकरी सोडणार असेल किंवा कामाचे तास कमी करणार असेल तर तो आकडाही लिहा, तो बहुतेक वेळा लपून राहतो. उलट दिवसातून तीन-चार तासांची मदत पुरत असेल, तर घर जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतं.

रात्र आणि बाथरूम

जागेची पारख करताना आम्ही सर्वांत जास्त वजन रात्रीला देतो. दिवसा सगळीकडे माणसं दिसतात.

रात्रीचे तीन वाजलेत असं समजा. लघवी वाढवणाऱ्या गोळीमुळे जाग आली, झोपेच्या गोळीची गुंगी अजून उतरलेली नाही, झटकन उठल्यामुळे रक्तदाब खाली आला आणि खोलीत अंधार आहे. पडण्याला याहून जास्त काही लागत नाही. घरी शेजारच्या पलंगावरून कुणीतरी ‘थांब, उठते मी’ म्हणतं. संस्थेत घंटा दाबायची आणि वाट पाहायची. किती वेळ, एवढाच प्रश्न आहे.

म्हणून संस्थेला असं विचारा: रात्री 10 ते सकाळी 6 या वेळात जागे असलेले कर्मचारी किती, रहिवासी किती, मजले किती, आणि उठवायला दोन माणसं लागतात असे रहिवासी किती? शेवटचा प्रश्न सोडू नका. रात्रपाळीला दोघंच असतील आणि एकाला उठवायला दोघंही गुंतले, तर तेवढा वेळ बाकी सगळ्यांच्या घंटा नुसत्या वाजत राहतात. ‘दर माणशी इतके कर्मचारी’ हा सरासरीचा आकडा घेऊ नका. त्यात दिवसाचे लोक, कधीकधी स्वयंपाकी आणि ऑफिसातलेही मोजलेले असतात.

भेटीच्या वेळी परवानगी घेऊन एका खोलीतली घंटा दाबा आणि घड्याळ लावा. घंटा कुठेकुठे आहे ते पाहा: पलंगाशी, कमोडजवळ, शॉवरखाली. बाथरूममधली दोरी फरशीपर्यंत लोंबायला हवी, कारण पडलेला माणूस फरशीवर असतो. ती दोरी झाडू-पोछ्याला आड येते म्हणून वर गुंडाळून ठेवलेली बऱ्याच ठिकाणी दिसते. दिसली, तर बाकीच्या गोष्टीही जास्त बारकाईने पाहा. ज्याला घंटा दाबायची असते हेच आठवत नाही, त्याच्यासाठी घंटेचा उपयोग नाही. तिथे ठरलेल्या वेळी खोलीत डोकावून जाणारा माणूस लागतो, आणि त्या फेऱ्यांची वही मागून पाहा.

मोजपट्टी बरोबर ठेवा. आधाराचे दांडे फरशीपासून 84 ते 91 सेंटिमीटरवर हवेत, आणि हिसका देऊन पाहा, हलता कामा नयेत. दाराची मोकळी रुंदी किमान 81 सेंटिमीटर आणि व्हीलचेअर वळवायला सुमारे 150 सेंटिमीटर व्यासाची जागा हवी. उतार 1 ला 12 पेक्षा चढा नको. नळाचं गरम पाणी 49 अंश सेल्सियसच्या वर जाता कामा नये; म्हाताऱ्या त्वचेला भाजायला वेळ लागत नाही आणि हात मागे घ्यायला वेळ लागतो. झुंबर, बगीचा, वाचनालय यांवर माहितीपत्रक भरपूर बोलतं, ते पाच मिनिटांत पाहून घ्या.

औषधांचं गणित

संस्थेत औषधं फेरीने दिली जातात. फेरी एका टोकापासून सुरू होते, शेवटच्या खोलीपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि पुष्कळ ठिकाणी ठरलेल्या वेळेच्या एक तास आधी किंवा नंतर दिलेली गोळी ‘वेळेवर’ धरतात. रक्तदाबाच्या बऱ्याचशा गोळ्यांना ते चालतं. पार्किन्सन्सच्या लेव्होडोपाला चालत नाही: तासभर उशीर झाला की शरीर आखडतं, गिळता येत नाही, तोल जातो. जेवणाआधीच्या जलद इन्सुलिनचं तसंच. ते जेवणाच्या साधारण 15 मिनिटं आधी टोचलं आणि ताट तासाने आलं, तर साखर धोकादायक खाली जाते. म्हणून वेळ चुकवून चालणार नाही अशी औषधं वेगळी लिहून न्या आणि प्रत्येकाबद्दल विचारा: कोण देणार, त्याला इंजेक्शन टोचायची परवानगी आहे का, तो रजेवर असेल तर कोण?

चुका सर्वांत जास्त होतात त्या हॉस्पिटलमधून परत आल्यावर. जुन्या यादीतली गोळी बंद होत नाही आणि नव्या नावाने तीच गोळी दुसऱ्यांदा सुरू होते. दोन्ही याद्या कोण पडताळतं, त्या माणसाचं नाव विचारून घ्या.

न दिसणारा तोटा

ठरलेल्या वेळा, कमी खाजगीपणा, बदलणारे कर्मचारी, गरज वाढेल तसं वाढणारं शुल्क हे तोटे सगळ्यांना माहीत असतात. जोडप्यात एकाची गरज जास्त आणि दुसऱ्याची कमी असेल तर दोघांना एकाच विभागात राहू देतात का, हेही बरेच जण विचारतात. एक तोटा मात्र नजरेतून सुटतो: जास्तीची मदत.

सकाळी सदऱ्याची बटणं लावायला आजोबांना दहा मिनिटं लागतात. मदतनीस ती अर्ध्या मिनिटात लावते, कारण तिला अजून सात खोल्या आहेत. त्यात तिचा हेतू वाईट नसतो. पण रोज असं झालं की काही महिन्यांत बोटं ते काम विसरतात, आणि पुढच्या तपासणीत ‘कपडे घालायला मदत लागते’ अशी नोंद होऊन शुल्काची पायरी चढते. म्हणून काळजीच्या लेखी आराखड्यात माणूस स्वतः काय करतो तेही लिहून घ्या: ‘बटणं स्वतः लावतात, दहा मिनिटं द्यावीत.’

फायद्यांतही एक असाच न दिसणारा आहे. अंघोळ-डायपरची जबाबदारी दुसऱ्याकडे गेली की मुलगी पुन्हा मुलगी होऊन शेजारी बसू शकते. दिवसरात्र सेवा करून थकलेल्या घरात आम्ही याला पैशाइतकंच वजन देऊ.

तीन भेटी

पहिली भेट वेळ ठरवून, दुसरी न सांगता जेवणाच्या वेळी, तिसरी संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी. एकाच खोलीतून वास येत असेल तर तिथे आत्ताच काही झालं असेल. संपूर्ण मजल्यावर प्रत्येक भेटीत तोच वास येत असेल तर हात कमी पडतायत. रहिवाशांची नखं पाहा, चष्म्याच्या काचा पाहा, श्रवणयंत्र कानात आहे की खणात ते पाहा. जेवताना ज्याला भरवावं लागतं त्याच्याजवळ कुणी बसलेलं असतं की उभ्याउभ्या घास दिला जातो? कर्मचाऱ्यांना ‘किती दिवस आहात इथे?’ असं सहज विचारा. सगळेच नवे असतील तर कारण शोधा.

करारनामा घरी आणून वाचा

तिथल्या तिथे सही करू नका. मूळ शुल्कात काय येतं आणि कशाचे जादा पैसे पडतात, मदतीच्या पायऱ्या किती, पायरी कोण ठरवतं आणि त्यावर हरकत घेता येते का, हे लेखी हवं. मागच्या तीन वर्षांतली दरवाढ विचारा. महिनाभर हॉस्पिटलमध्ये राहावं लागलं तर खोलीचं शुल्क चालू राहतं का? अनामत कधी आणि किती परत मिळते? मुलाने किंवा मुलीने सही करायची असेल तर ती आई-वडिलांच्या वतीने आहे की स्वतःच्या जामिनाची, हा फरक वकिलाकडून समजून घ्या.

सर्वांत महत्त्वाचं कलम म्हणजे संस्था कधी ‘आता तुम्ही इथे राहू शकत नाही’ असं म्हणू शकते. उत्तर गोलमोल येऊ नये म्हणून प्रसंग घालून विचारा. दोन माणसांनी उचलावं लागलं तर? रात्री ओरडायला लागले तर? पैसे संपले तर? नोटीस किती दिवसांची?

तोलताना

गुण देऊन सरासरी काढू नका. जेवणाला दहापैकी नऊ आणि रात्रपाळीला दोन मिळाले की सरासरी बरी दिसते आणि धोका झाकला जातो. आधी चार अटी चाळणीसारख्या लावा: रात्रीची मदत, वेळेची औषधं, गरज वाढली तरी राहता येणं, आणि किमान पाच वर्षं झेपेल असा खर्च, तोही दरवाढ धरून. यातली एक जरी नापास झाली तरी ती जागा बाद. उरलेल्या जागांत मात्र जो राहणार आहे त्याचा शब्द शेवटचा. त्याला खिडकी हवी असेल, उशिरा उठायचं असेल, स्वतःची खुर्ची न्यायची असेल, तर ते हट्ट समजू नका.

जमेल तिथे दोन ते चार आठवडे तात्पुरतं राहून पाहा. पहिल्या दिवशी वजन करा आणि दर आठवड्याला, त्याच काट्यावर, नोंद ठेवा. सुरुवातीला झोप उडणं, चिडचिड, ‘मला घरी न्या’ हे होतंच, त्यावरून लगेच निकाल लावू नका. पण महिन्यात 5 टक्के किंवा सहा महिन्यांत 10 टक्के वजन आपोआप उतरलं, म्हणजे 60 किलोच्या माणसाचं एका महिन्यात 3 किलो, तर तो डॉक्टरांना दाखवण्याचा विषय आहे. जेवण आवडत नाही, कवळी बसत नाही, की मन लागत नाही, ते त्याच आठवड्यात शोधा. आणि तोवर जुनं घर विकू नका, भाड्यानेही देऊ नका.