एकाच वायफाय कार्डवर तिघांचे प्रयोग एकदम कसे चालवायचे

लॅबमधे अॅक्सेस पॉइंट एक आणि टेस्टिंगवाले तिघं, त्यामुळे रोजचं भांडण ठरलेलं, माझं रीडिंग चालू असताना तू डाउनलोड का लावलंस म्हणून. अमेरिकेत रटगर्स विद्यापीठाच्या ऑर्बिट या वायरलेस टेस्टबेडवर (प्रयोगांसाठीच मांडलेलं नेटवर्क) 20 बाय 20 म्हणजे तब्बल 400 नोड्सची ग्रिड आहे, तिथेही स्लॉट बुक करूनच बसावं लागतं, मग आपलं काय घेऊन बसलात.

आधी लिनक्सवर आयडब्ल्यू ही वायफायची कमांड चालवून कार्डची माहिती काढा. त्यात व्हॅलिड इंटरफेस कॉम्बिनेशन्स असा भाग असतो, त्या एका कार्डवर एपी म्हणजे अॅक्सेस पॉइंट किती चालतील आणि चॅनल किती ते तिथे कळतं. चॅनलपुढे 1 दिसला तर सगळे व्हर्च्युअल एपी (एकाच कार्डवर चालणारे वेगवेगळे एपी) एकाच चॅनलवर राहणार, ज्याला चॅनल बदलून बघायचाय त्याला सरळ दुसरं कार्ड द्या, वाद नको.

मग होस्टएपीडी म्हणजे कार्डला एपी बनवणारा प्रोग्राम, त्याच्या कॉन्फिगमधे प्रत्येकाला एकेक बीएसएस (म्हणजे एक व्हर्च्युअल एपी), वेगळं एसएसआयडी (नेटवर्कचं नाव), वेगळा ब्रिज (तो एपी बाकी नेटवर्कला जोडणारा दुवा). इथपर्यंत सगळेच करतात आणि झालं म्हणून चहाला जातात. पण खरी वाटणी एमबीपीएसची नाहीच, हवेतल्या वेळेची आहे! 1500 बाइटची फ्रेम 54 एमबीपीएसवर साधारण 0.22 मिलिसेकंदात जाते आणि लांब कोपऱ्यात बसलेल्या 6 एमबीपीएसवाल्याला तीच पाठवायला 2 मिलिसेकंद लागतात, म्हणजे डेटा सारखा दिला तरी तो नऊपट हवा खातो आणि बाकीचे उपाशी. म्हणून होस्टएपीडी 2.8 किंवा पुढचं घ्या, त्यात एअरटाइम (हवेतला वेळ) मोड 2 करा आणि प्रत्येक बीएसएसला वेट, म्हणजे त्या वेळेतला वाटा, द्या. ड्रायव्हरचा सपोर्ट हवा, एथ9के ड्रायव्हरवर चालणाऱ्या कार्डांवर हे चालतं. क्लायंट स्वतः अपलोड करत सुटला तर मात्र एपी त्याला थेट अडवू शकत नाही, अपलोडचे प्रयोग वेगळ्या वेळेला ठेवलेले बरे.

एसएसआयडी उगाच वाढवू नका. प्रत्येकाचा बीकन, म्हणजे मी इथे आहे असं सांगणारी फ्रेम, दर 102.4 मिलिसेकंदाला जातो, 300 बाइटचा धरला तर 1 एमबीपीएसवर 2.4 मिलिसेकंद गेले, असे आठ केले की जवळपास 19 टक्के हवा नुसत्या हजेरीत संपली. बेसिक रेट (बीकन वगैरे ज्या वेगाने जातात तो) किमान 6 एमबीपीएस ठेवा, जुनी 802.11बी वायफायची उपकरणं जोडली जाणार नाहीत पण चालतंय.

कार्ड हाताशी नसेल तर लिनक्सचं मॅक80211 एचडब्ल्यूसिम हे मॉड्यूल लोड करा, खोटे रेडिओ मिळतात, ते वेगवेगळ्या नेटवर्क नेमस्पेसमधे (एकाच मशीनवरची एकमेकांपासून अलग नेटवर्कं) टाकून कॉन्फिग तपासता येतं. स्पीडचे आकडे मात्र तिथले धरू नका.

शेवटी प्रत्येक प्रयोग आधी एकटा चालवा, मग तिन्ही एकदम. थ्रूपुट (प्रत्यक्ष मिळालेला वेग) वाटणीप्रमाणे उतरलं तर ठीक, पण लेटन्सी (पोचायला लागणारा उशीर) मोजणाऱ्याचे आकडे हलले असतील तर त्याला रात्रीचा स्लॉट द्या.